पाण्यात म्हैस, बाहेर मोल : हौशी बिनतारी यंत्रांची खरेदी-विक्री

आमच्या नाशकात भांडे घेण्याची एक जुनी रीत आहे. भांडी बाजारात गेलेली गृहिणी घागर हातात घेते, तिचे वजन अजमावते, काठावर बोटाची टिचकी मारते आणि कान देऊन नाद ऐकते. चीर गेलेली घागर बद्द वाजते, अखंड घागर खणखणते. सराफ बाजारात सोने कसोटीवर घासून पाहतात. बुधवारच्या बाजारात भेंडी घेणारा तिचे टोक मोडून पाहिल्यावाचून पिशवी पुढे करीत नाही. तात्पर्य, रोजच्या मालाची परीक्षा जो तो जाणतो. परंतु एखादा जुना बिनतारी संच विकावयास आला, की हीच चोखंदळ माणसे डब्याचा रंग आणि बटणांची संख्या पाहून पैसे मोजून मोकळी होतात. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असे आपल्याकडे म्हणतात ते यालाच. ही म्हैस पाण्याबाहेर काढून कशी पाहावी, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

हौशी बिनतारी म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्याला आपण रेडिओ म्हणतो तो केवळ ऐकतो. हौशी माणसाचा संच ऐकतो आणि बोलतोही. धंदा किंवा नफा यांचा हेतू न ठेवता, सरकारची परीक्षा देऊन व परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर जगभरच्या समानधर्मीयांशी जे बोलतात त्यांना हौशी किंवा ‘हॅम’ म्हणतात. भारतात या छंदाचा आरंभ १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून मानला जातो. १९४८ साली महू येथे या मंडळींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. प्रत्येक परवानाधारकास स्वतःचे संकेतनाम मिळते. आपल्याकडील संकेतनामे बहुधा ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ यांनी सुरू होतात.

आता परीक्षेकडे वळू. आमच्या मते बिनतारी संचाच्या तीन कसोट्या आहेत : कागद, काम आणि माणूस. बहुतेक लोक यांपैकी एकही न लावता चौथीच लावतात, ती म्हणजे किंमत. स्वस्त मिळाला म्हणून घेतला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कशासाठी घेतला, हे सांगणारे थोडे.

पहिली कसोटी कागदाची. बोलणाऱ्या यंत्राकडे सरकार ऐकणाऱ्या यंत्रापेक्षा निराळ्या दृष्टीने पाहते. घरगुती रेडिओसाठी पोस्टातून काढावा लागणारा परवाना १९८०च्या दशकात रद्द झाला, परंतु प्रक्षेपक बाळगण्यावरचे बंधन राहिले. याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. १९४२च्या ऑगस्ट चळवळीत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटरवरून तो देशाला हाक देत असे. त्यासाठी लागणारी सामग्री शिकागो रेडिओ या पेढीच्या नानिक मोटवाने यांनी पुरविली होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी हे केंद्र पकडले, आणि चालविणाऱ्यांबरोबर सामग्री देणाऱ्यासही खटल्याला तोंड द्यावे लागले. तो प्रसंग देशभक्तीचा होता. पण एक गोष्ट त्यातून दिसते : प्रक्षेपक कोणी घेतला इतकेच नव्हे, तर कोणी दिला हेही सरकार विचारते. आजही तसेच आहे. १८८५ व १९३३च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला, परंतु परवान्याचे तत्त्व सुटलेले नाही.

हा मुद्दा आज विशेष निकडीचा झाला आहे. हातात मावणारे वॉकीटॉकी घरबसल्या मागविता येतात. त्यांतील पुष्कळ संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ एवढ्या रुंद पट्ट्यात बोलू शकतात. हौशी माणसाला त्यातला १४४ ते १४६ हा लहानसा तुकडाच मोकळा आहे. उरलेल्या भागात इतर अनेक सेवा काम करीत असतात. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत स्वयंसेवकांच्या सोयीसाठी हौसेने घेतलेला संच नकळत दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू शकतो. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या यासाठीच. ज्यांना मिरवणूक, लग्नघर किंवा द्राक्षबाग एवढ्यापुरतेच बोलणे हवे आहे त्यांनी ४४६ मेगाहर्ट्झजवळचे, २०१८च्या नियमांनुसार परवानामुक्त असलेले कमी शक्तीचे संच घ्यावेत आणि त्यावर सरकारी मान्यतेचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. ज्यांना खरा छंद करावयाचा आहे त्यांनी आधी परीक्षा द्यावी, मग संच शोधावा. हा क्रम उलटा केला की संच कपाटात पडून राहतो आणि मालकाच्या मनाला घोर लागतो.

दुसरी कसोटी कामाची. तिच्यासाठी डोळे, नाक, कान आणि मापक ही साधने त्याच क्रमाने वापरावीत. डोळ्यांनी प्रथम स्क्रूंची डोकी पाहावीत. ती झिजलेली वा ओरखडलेली असतील तर डबा अनेकदा उघडला गेला आहे असे समजावे. तो कोणी आणि का उघडला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माइक, वीज घेण्याची केबल, माहितीपुस्तिका या वस्तू बरोबर आहेत का, हेही पाहावे. जुन्या संचाचा विशिष्ट माइक किंवा प्लग मिळविताना कधी कधी संच मिळविण्याहून अधिक पायपीट होते. नाकाने जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास ओळखता येतो. तो वास रंगरंगोटीने जात नाही.

व्हॉल्व्हचा जुना संच असेल तर अधिक सावधगिरी हवी. एकेकाळी आपल्याकडे हौशी लोक ‘८०७’ नावाच्या व्हॉल्व्हवर घरीच प्रक्षेपक बांधीत. युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या रिसीव्हरांचाही त्या काळी मोठा आधार होता. असे संच आजही अधूनमधून विक्रीस येतात. वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम २३० व्होल्टला लावू नये. त्यातील कपॅसिटर वाळून निकामी झालेले असतात आणि पहिल्याच झटक्यात ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. वायरमन लोक करतात त्याप्रमाणे दिव्याचा बल्ब सिरीजमध्ये घालून तो सुरू करावा. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. अशा प्रक्षेपकात कित्येकशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. ज्याला ही विद्या येत नाही त्याने झाकण उघडू नये.

आता कान. संचाला एरियल न जोडता तो सुरू करावा आणि मग एरियल जोडावी. जोडताच खरखर वाढली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर संच बहिरा आहे, मग त्याची तबकडी कितीही उजळलेली असो. सकाळच्या वेळी ४० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, आपल्या देशातील हौशी बोलत असतात. त्यांपैकी एखादा आवाज धरून दहा-पंधरा मिनिटे बटणाला हात न लावता ऐकावा. आवाज हळूहळू बदलत बदकासारखा होऊ लागला तर संचाची लहर सरकते आहे. ज्या विक्रेत्याला ही पंधरा मिनिटे देण्याचा कंटाळा आहे त्याच्याकडून घेण्याचा कंटाळा आपणही करावा.

शेवटी मापक. बोलण्याची शक्ती तपासताना संचाला पन्नास ओहमचा डमी लोड जोडतात. ही लहर हवेत न सोडता उष्णतेत जिरविणारी वस्तू असते. मध्ये वॉटमीटर ठेवून प्रत्येक पट्ट्यात शक्ती मोजावी. शंभर वॉटचा संच एका पट्ट्यात शंभर देतो आणि दुसऱ्यात तीस, असे आढळले तर दोष निश्चित आहे. अशा संचाला १३.८ व्होल्टवर सुमारे वीस अँपिअर वीज लागते. तेव्हा विक्रेत्याचा पुरवठाच अपुरा नाही ना, हेही आधी पाहावे, नाहीतर पुरवठ्याचा दोष संचाच्या माथी बसावयाचा. काही संचांत लपलेले दुखणे असते. उदाहरणार्थ, ‘आयकॉम आर-७१’ या रिसीव्हरची कार्यप्रणाली एका लहानशा बॅटरीच्या आधारावर जिवंत राहते. ती बॅटरी संपली की चांगला चालणारा रिसीव्हर एका दिवसात मुका होतो. म्हणून ज्या जातीचा संच घ्यावयाचा तिची दुखणी आधी जाणत्याला विचारावीत.

आमचीही एकदा चांगलीच फसगत झाली होती. एक संच आम्ही दुकानात रात्री, एरियलवाचून, केवळ तबकडीचा प्रकाश पाहून घेतला. घरी आणल्यावर कळले की तो ऐकतो उत्तम, पण बोलत मुळीच नाही. त्याचे शेवटचे ट्रान्झिस्टर जळालेले होते आणि त्या जातीचे ट्रान्झिस्टर बनणे केव्हाच बंद झाले होते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. आम्ही विचारलेच नव्हते.

यावरून किंमत कशी ठरवावी हे सहज कळेल. त्याच कामाचा नवा संच आज केवढ्याला मिळतो ते प्रथम पाहावे. त्यातून दुरुस्तीचा खर्च, हरवलेल्या वस्तूंचा खर्च आणि सुटे भाग न मिळण्याचा धोका वजा करावा. समजा, एक जुना संच तीस हजारांना सांगितला. वीजपुरवठा सहा हजारांचा, माइक तीन हजारांचा आणि दुरुस्ती पाच हजारांची निघाली, तर तो संच चव्वेचाळीस हजारांना पडला. मग स्वस्ताई कोठे राहिली? नव्या माणसाला आमची सूचना अशी की, सारे पैसे संचात घालू नयेत. चांगली एरियल साध्या संचाला बोलते करते, वाईट एरियल राजेशाही संचालाही मुका करते. अर्धलहरी तारेची लांबी मीटरमध्ये काढावयाची तर १४३ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तांब्याची तार पुरते. एरियल नीट जुळली नाही तर शक्ती उलटून येते. मापकावर स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे लहरींचे गुणोत्तर, दोन दिसले तर नवव्या भागाएवढी आणि तीन दिसले तर चौथाई शक्ती परत फिरते. आणि ज्याच्या हातात कला आहे त्याने विकत घ्यावेच असेही नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी रचलेला ‘बिट्क्स’ हा संच सहज मिळणाऱ्या भागांतून बांधता येतो. सुरुवातीच्या रचनेत त्यांनी काही वेटोळी नळाच्या वॉशरवर गुंडाळली होती!

तिसरी कसोटी माणसाची, आणि ती विकणाऱ्यालाही लागू आहे. हौशी मंडळींत निधन पावलेल्या सोबत्याला ‘मूक कळ’ म्हणण्याची प्रथा आहे. मोर्सच्या कळीवरचा त्याचा हात कायमचा थांबला, असा तिचा अर्थ. अशा घरी संच, तारा, मापके, सुट्या भागांचे डबे मागे राहतात. घरच्यांना त्यांतले काही कळत नाही, आणि जागा अडते म्हणून सारे भंगारवाल्याला किलोवर दिले जाते. किंवा जाणकार म्हणून आलेला कोणी, ज्याची किंमत तो पुरेपूर जाणतो ती वस्तू, कवडीमोलाने उचलून नेतो. पहिल्यात विद्येचे नुकसान आहे, दुसऱ्यात अधर्म आहे. आमचे म्हणणे असे की, मोल सांगणारा आणि माल घेणारा हे दोघे वेगळे असावेत. दोन जाणत्यांनी यादी करावी, चालते-बंद स्पष्ट लिहावे, आणि मगच तिसऱ्याने, तोही परवाना दाखवून, संच न्यावा. हयात असलेल्यांनीही आपल्या संचांची यादी, दोषांसह, घरात लिहून ठेवावी. विकताना दोष आधी सांगणारा हौशी दोन हजार कमी मिळवितो, पण पुढच्या वेळी त्याच्या शब्दावरच व्यवहार होतो. हा बाजार लहान आहे. येथे खोटे नाणे फार फिरत नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलच्या दिवसांत एवढा खटाटोप कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा संपर्काच्या कामी हौशी मंडळी आपले संच घेऊन गेली होती. अशा वेळी नेलेला संच कोणी तरी, केव्हा तरी, नीट पारखून घेतलेला असावा लागतो. पाहून घेऊ म्हणून घेतलेला संच तेथे पाहण्याच्याच लायकीचा उरतो.

आणि आपल्याला तर लांब जावयास नको. १९६९, २००८, २०१६, गोदामाईच्या पुरांची ही साले नाशिककरांच्या लक्षात आहेत. पूर किती आला हे आपण कोणाच्या सांगण्यावर ठेवीत नाही. गंगेवर जातो आणि दुतोंड्या मारुतीच्या कंबरेपर्यंत पाणी आले की गळ्यापर्यंत, ते डोळ्यांनी पाहतो. तेवढीच सवय संच घेताना ठेवावी. ज्या दिवशी पाणी खरोखरच गळ्याशी येईल त्या दिवशी विक्रेता जवळ नसेल, त्याने दिलेला संच तेवढा हातात असेल.