मुंबई-कोलकाता : अंतर एक, वेळा दोन

नोकरीतील बदली, मुलाखत, रुग्णालयातील तपासणी किंवा कौटुंबिक कार्य अशा कारणांनी मुंबई-कोलकाता विमानप्रवास करणाऱ्यांना एक गोष्ट हमखास जाणवते. जाताना लागलेला वेळ आणि परतताना लागणारा वेळ सारखा नसतो. शहरे तीच, अंतरही तेच. मग हा फरक कोठून येतो?

प्रथम अंतराचा विचार करू. नागपूर, रायपूर, बिलासपूर आणि टाटानगरमार्गे मुंबई ते हावडा हा लोहमार्ग १,९६८ किलोमीटरचा आहे. हवाई अंतर मात्र सुमारे १,६६० किलोमीटर भरते. लोहमार्गाला डोंगर, नद्या आणि वाटेवरील शहरे यांचा मान राखून वळणे घ्यावी लागतात. हवाई अंतर मोजताना पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन स्थानांमधील सर्वांत जवळचा मार्ग धरला जातो. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी उडत असल्याने त्यांचा प्रत्यक्ष प्रवास याहून थोडा अधिक होतो.

वेळेचे गणित वाऱ्यावर अवलंबून असते. प्रवासी विमाने साधारणतः दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात. हिवाळ्यात उत्तर भारतावर या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतो आणि त्याचा प्रभाव मध्य भारतापर्यंत जाणवतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर आणि वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर मानला, तर कोलकात्याकडे जाताना जमिनीच्या संदर्भात वेग ९०० होतो व १,६६० किलोमीटर अंतर १ तास ५१ मिनिटांत कापले जाते. परतीच्या वाटेवर तोच वेग ७०० वर येतो आणि २ तास २२ मिनिटे लागतात. म्हणजे फरक सुमारे अर्ध्या तासाचा! पावसाळ्यात हा पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो. द्वीपकल्पावर उंचावरील वारे तेव्हा पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरक कमी होतो, क्वचित उलटही होतो.

तिकिटावरील वेळ याहून मोठी, साधारण अडीच ते तीन तास असते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा सर्व काळ तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, आरोहण, अवतरण आणि उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा यांचाही तीत समावेश होतो.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी मुंबई आणि कलकत्ता या शहरांनी आपापल्या स्थानिक वेळा पुढेही काही दशके जपल्या. त्यांत सुमारे एक तासाचे अंतर होते. आज घड्याळ एकच आहे. सूर्य मात्र कोलकात्यात साधारण तासभर आधी मावळतो. म्हणून सायंकाळी सहाला तेथे पोहोचणाऱ्याला हिवाळ्यात अंधाराचीच तयारी ठेवावी लागते.

यावरून प्रवाशाने घ्यायचा बोध सोपा आहे. परतीचे नियोजन जातानाच्या वेळेवरून करू नये. मुंबईत उतरून पुढचे विमान किंवा रेल्वे गाठायची असेल, तर हिवाळ्यात हाताशी पुरेसा अवधी ठेवावा. महत्त्वाची मुलाखत अथवा वैद्यकीय भेट असल्यास आदल्या दिवशीच पोहोचणे श्रेयस्कर. वारा आपल्या स्वाधीन नाही. नियोजन मात्र आहे.