डाव्या बाजूची सीट

ऑफिसला मी स्कूटरने जाते. चारचाकी बाहेर निघते ती लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याला. गेल्या वर्षी ती दीड महिना पार्किंगमध्ये उभी राहिली आणि बॅटरी पार उतरली. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा तरी लांबवर फिरवून आणत जा." अण्णा गॅलरीतून ऐकत होते. रविवारी पहाटे साडेपाचला इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन ते दारात उभे!

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 78. एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीचशी भोर आगारात. वरंध घाटातून महाडला उतरणारी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. त्यामुळे कुठे जायचं हे त्यांनीच ठरवून टाकलं. "बायपासच्या बोगद्याने नको. जुन्या कात्रज घाटाने घे."

मी निमूटपणे घेतलं. तेव्हापासून महिन्यातले एक-दोन रविवार आमचे ठरलेले आहेत.

हायवेने जायला मला आवडत नाही असं नाही. मुंबईला वेळेवर पोहोचायचं असेल तर द्रुतगती मार्गासारखं सुख नाही. पण तो रस्ता पोहोचण्यासाठी बांधलेला आहे. ताशी 80 च्या वेगात गाडी दर सेकंदाला 22 मीटर पुढे जाते, त्यामुळे चालवणाऱ्याची नजर लांबवर खिळलेली असते आणि कडेचं सगळं पुसट होतं. वेग 40 वर आणला की ते अंतर निम्मं होतं, आणि बांधावर बसलेला खंड्याही दिसतो. जुने रस्ते गावांना टाळून जात नाहीत. ती जोडण्यासाठीच ते झालेले असतात. घाटात तर रस्ता डोंगराच्या कलाने चालतो. सरळ वर चढला असता तर बैलगाडीला तो चढ झेपला नसता, म्हणून वळणं घेत घेत, थोडी थोडी उंची कमावत तो जातो. त्याच्याच गतीने गेलं तर ही वळणं कंटाळवाणी वाटत नाहीत.

पुण्याहून भोर साधारण 50 किलोमीटर. कापूरहोळला हायवे सोडला की गाडीतला आवाजच बदलतो. आम्ही एसी बंद करून काचा खाली घेतो. भोरच्या अलीकडे नीरा नदी असं काही वळण घेते की वरून गळ्यातल्या हारासारखी दिसते. लोक त्या जागेला नेकलेस पॉइंट म्हणतात. जवळच ब्रिटिश काळात बांधलेलं भाटघरचं धरण आहे. त्याच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. पुढे पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेलं भोर, तिथे मिसळ आणि चहा. भोर सोडलं की नीरा देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं.

घाट सुरू झाला की अण्णा शिकवायला लागतात. गाडी चालवायला शिकून मला 20 वर्षं झाली, पण घाट मी त्यांच्याकडून आत्ता शिकले. पहिला धडा: ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. खालच्या गियरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नाही. दुसरा धडा: अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. आपल्याकडच्या वाहतुकीच्या नियमांतही हेच लिहिलं आहे. तिसरा: आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, आणि देखावा कितीही सुंदर असला तरी वळणावर गाडी उभी करायची नाही.

पहिल्या रविवारी आम्ही वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी थांबलो. तिथल्या टपरीतली गरम कांदाभजी हातात घेऊन अण्णा कठड्यापाशी गेले. सप्टेंबर होता. खाली शिवथरच्या खोऱ्यात ढग उतरले होते आणि मधूनच हिरव्या खाचरांचे तुकडे दिसत होते. याच खोऱ्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा आहे. मी अण्णांना सांगितलं, आपण अगदी पाणलोटाच्या काठावर उभे आहोत. मागे पूर्वेला पडलेला पाऊस नीरा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जातो, आणि समोर पडलेला सावित्रीतून अरबी समुद्राला. त्यांनी ऐकून घेतलं. मग बोट दाखवून विचारलं, "ते खाली गाव दिसतंय, ते कुठलं?"

मी चकित झाले. या घाटाचं प्रत्येक वळण त्यांना डोळे मिटूनही सांगता येतं.

"मी रस्ता बघायचो गं," ते म्हणाले. "मागे पन्नास-साठ माणसं. साइडपट्टी बघायची, समोरून येणारा ट्रक बघायचा, पावसात वरून दगड येतोय का ते बघायचं. दरी किती खोल आहे एवढंच माहीत होतं. कशी आहे, ते बघायला सवड कुठे होती?"

तेव्हापासून डावीकडची सीट त्यांची. मी हळू चालवते ती त्यांना बघता यावं म्हणून.

आम्ही नवे नवे रस्ते शोधत नाही. हाच रस्ता परत परत करतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. जुलैत खाचरांत गुडघाभर चिखलात भातलावणी चालू असते, पण भर पावसात घाटात दरडी कोसळतात आणि प्रशासन तो बंदही ठेवतं. तेव्हा भोरपर्यंतच जाऊन परत फिरतो. सप्टेंबरात सोनकी आणि तेरडा. दिवाळीच्या आसपास भातकापणी, आणि गाडीत येणारा ओल्या पेंढ्याचा वास. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या रानात पळस आणि पांगारा पेटतो. मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन मावशी बसलेल्या असतात. भोरहून येताना तांदूळ घेणं हे तर आता ठरूनच गेलंय.

तुम्हालाही असं निघावंसं वाटलं तर अगदी थोडं पुरतं. घरापासून शंभर किलोमीटरच्या आतला एक रस्ता धरा. उजाडायच्या सुमाराला निघा आणि अंधाराआधी घरी या. टायरची हवा, ब्रेक, वायपर आदल्या दिवशी बघून ठेवा. हॉटेलचं बुकिंग नको, "सात ठिकाणं बघायची" अशी यादी तर नकोच. एकाच जागी तासभर बसा. माकडांना खाऊ घालू नका, कचरा पिशवीत भरून घरी आणा. दोनशे किलोमीटरला माझ्या गाडीला 11-12 लिटर पेट्रोल लागतं. ते जळतं याची जाणीव मला आहे, म्हणून एकटीने जात नाही. मागे शेजारच्या काकू असतात, कधी भाची असते.

गेल्या ऑक्टोबरात भोर सोडल्यावर अण्णा म्हणाले, "आज घाटात नको. इथून आत वळ." धरणाच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथे त्यांची मुक्कामी गाडी असायची. रात्री साडेनऊला पोहोचायचं, कुणाच्या तरी घरून आलेली भाकरी खायची, कंडक्टर आणि ते बाकांवर पथारी टाकून झोपायचे, आणि पहाटे साडेपाचला पहिली गाडी घेऊन निघायचं. हिवाळ्यात तर दोन्ही वेळा अंधारच. शेकडो रात्री ते त्या गावात झोपले होते.

आम्ही दुपारी तीनला पोहोचलो. गाडी उभी राहायची तो पार त्यांनी लगेच ओळखला. मग पाराच्या मागे गेले आणि तिथेच थांबले. उतारावर दाट जांभळी होत्या आणि त्यांच्या मुळांना घासत एक ओढा वाहत होता, स्वच्छ, जेमतेम पोटरीभर पाण्याचा. पलीकडे पिवळी पडत आलेली भाताची खाचरं आणि त्यांच्या मागे सरळ उभा डोंगर.

"रात्रभर हाच आवाज यायचा," अण्णा म्हणाले. "मला वाटायचं, नळ गळतोय कुठेतरी."

चपला काढून ते पाण्याशी असलेल्या दगडावर बसले. घरी परतायला उशीर होईल असं मला वाटत होतं, पण मी बोलले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.