डोहाळे वाघाचे!

नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीतल्या सूनबाईंना सहावा महिना लागलाय आणि वाघ बघायचाय. घरच्यांनी ताडोबाच्या जंगलातली जिप्सी सफारी ठरवत आणली होती, मीच अडवलं.

जिप्सीत तीन-चार तास खडबडीत रस्त्याचे धक्के, धूळ. वाटेल तिथे खाली उतरता येत नाही. या दिवसांत वारंवार लघवीला लागते, तेव्हा खरी पंचाईत तीच.

त्यापेक्षा नागपुरातलंच गोरेवाडा प्राणिउद्यान बरं. २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली इथली भारतीय सफारी बंद बसमधून होते: वाघ, बिबट, अस्वल, हरणं. वाघ कुंपणातला आहे, मान्य. पण दवाखाना जवळ.

बसमध्ये मधली जागा धरा, मागच्या चाकावर हादरे जास्त. नागपूरचा मे महिना तर टाळाच.

डॉक्टरांना आधी विचारा. बाकी शंका खाली लिहा, सांगतो.