मीठ, दारू आणि अफू

फ्रेंच म्हटले की आपल्याला दुप्ले आणि पाँडिचेरी आठवते. हिंदुस्थानात इंग्रजांपुढे हार खाल्लेली ही मंडळी पूर्वेकडे कुठवर पोचली, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. तो केला हनोईच्या एका जुन्या लोखंडी पुलावर. तांबड्या नदीवरचा हा दीड किलोमीटरहून लांब पूल १९०२ साली खुला झाला, तेव्हा त्याला पॉल दुमेर या गव्हर्नर-जनरलचे नाव होते. आज त्याला लाँग बिएन म्हणतात. पूल देखणा आहे, यात वाद नाही. पण माझ्या मनात आपला मध्यमवर्गीय प्रश्न आला : याचे पैसे कुणी दिले?

हकीकत अशी. मिशनऱ्यांच्या छळाचे निमित्त करून १८५८ साली फ्रेंच आरमाराने दानांगवर तोफा डागल्या. पुढल्याच वर्षी सायगाव पडले. १८६२ च्या तहात दक्षिणेचे तीन प्रांत गेले. पश्चिमेचे उरलेले तीन सांभाळायला फान थान ज्यान हे वृद्ध, विद्वान मुत्सद्दी होते. पॅरिस पाहून आल्यामुळे फ्रेंचांचे बळ त्यांना ठाऊक होते. १८६७ मध्ये शत्रू दारात येताच, व्यर्थ रक्तपात नको म्हणून त्यांनी किल्ले सोडले आणि स्वतः विष घेतले. १८८४ पर्यंत सारा देश फ्रेंचांच्या मुठीत गेला.

राज्य जिंकले खरे, पण ते चालवायचे कुणाच्या पैशाने? १८९७ साली आलेल्या दुमेर साहेबांनी नामी तोड काढली. मीठ, दारू, अफू : तिन्हींचा मक्ता सरकारचा! मिठागरातल्या माणसाने आपले मीठ सरकारी भावाने सरकारलाच विकायचे आणि घरच्या वाटीभर मिठाला मात्र चढा दर मोजायचा. शिरोड्याचा सत्याग्रह ऐकून असलेल्यांना यातली जळजळ वेगळी सांगायला नको. तिकडे तर मासे मिठात मुरवून केलेल्या 'नुओक माम'वाचून घास उतरत नाही! तांदळाची दारू लोक घरी गाळत, पितरांपुढे ठेवत. तो गुन्हा ठरला. मक्तेदाराची महाग, बेचव दारू घ्या म्हणून गावोगाव दडपण येई. अफूचा तर सायगावात सरकारी कारखानाच होता. वसाहतीच्या तिजोरीचा मोठा आधार हा असा.

हनोईच्या गोऱ्या वस्तीत नवी गटारे झाली आणि त्यांत उंदीर माजले. प्लेगच्या धास्तीने १९०२ साली सरकारने उंदराच्या शेपटीमागे इनाम लावले. शेपट्यांचे ढीग येऊ लागले. मग साहेबांना बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडताना दिसले. शहराबाहेर तर लोकांनी चक्क उंदीर पाळले होते! हे वाचून मी मनमुराद हसलो.

१९०८ सालच्या हकीकतीपाशी मात्र हसू विरले. कर आणि वेठ यांना कंटाळलेले मध्य भागातले शेतकरी हजारोंनी, नि:शस्त्र, कचेऱ्यांवर गेले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, काहींना मृत्युदंड झाला. फान चाऊ त्रिन्ह यांनी शस्त्र धरा असे कधी सांगितले नव्हते. १९०६ मध्ये गव्हर्नर-जनरलला पत्र लिहून त्यांनी भ्रष्ट अंमलदार आवरा, सुधारणा करा, एवढेच मागितले होते. त्यांनाही पुलो-कोंदोर बेटावरच्या तुरुंगात धाडले. दुमेर साहेब तोवर मायदेशी परतले होते. १९३१ साली ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.