रजोनिवृत्तीनंतरच्या बीजांडकोश-ग्रंथी : केव्हा थांबावे, केव्हा पाठवावे

पंचावन्न-साठीच्या स्त्रीला पित्ताशयातील खड्याच्या किंवा मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी करावयास सांगितले जाते आणि अहवालाच्या शेवटच्या दोन ओळींत डाव्या वा उजव्या बीजांडकोशात तीन-चार सेंटिमीटरची ‘सिस्ट’ असल्याचे नमूद असते. मूळ तक्रार बाजूस राहते व ‘गाठ’ हा एकच शब्द घरात फिरू लागतो. कोणी तातडीने शस्त्रक्रियेचा सल्ला देतो, कोणी ‘आयुर्वेदात यावर हमखास औषध आहे’ असे सांगतो, आणि रुग्णा अहवाल घेऊन वैद्याकडे येते. तिचे प्रश्न दोनच असतात. पाळी जाऊन इतकी वर्षे झाल्यावर ही गाठ आली कोठून? आणि ती औषधाने विरघळेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र दुसऱ्याचे उत्तर देण्याची घाई आपल्या व्यवसायात फार होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वयाची सीमारेषा

रजःप्रवृत्तीचा काल बारा ते पन्नास वर्षे असा सुश्रुताचार्यांनी सांगितला आहे. आधुनिक व्याख्येप्रमाणे सलग बारा महिने रजोदर्शन न झाल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आढळते. ज्या स्त्रीचे गर्भाशय पूर्वीच काढलेले आहे तिच्या बाबतीत ही खूण उपलब्ध नसते. आपल्याकडे अशा स्त्रिया पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. ‘पिशवी काढली’ एवढेच रुग्णा सांगते. बीजांडकोश राहिले की गेले हे तिला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. जुना कागद मिळाला तर तो अवश्य पाहावा. अन्यथा पन्नाशीनंतर तिला रजोनिवृत्तच समजून विचार करावा.

ही सीमारेषा महत्त्वाची का? पाळी चालू असलेल्या स्त्रीत बीजांडकोशातील द्रवग्रंथी बहुतांशी ऋतुचक्राचाच भाग असते. बीज परिपक्व होताना तयार झालेली पुटिका फुटत नाही व मोठी होते, किंवा बीज बाहेर पडल्यावर उरलेल्या पीतपिंडात द्रव साठतो. दोन-तीन चक्रांत ती बहुधा नाहीशी होते. रजोनिवृत्तीनंतर बीजपुटिका जवळजवळ संपलेल्या असतात. बीजांडकोश आक्रसून जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा उरतो. म्हणून तरुण स्त्रीस दिलेले स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. या वयातील ग्रंथी बीजांडकोशाच्या पृष्ठभागावरील आवरणापासून झालेली असू शकते. तरुणपणीच असलेली व आता दिसलेली डर्मॉइड असू शकते. बीजवाहिनीत द्रव साठून ती फुगलेली असू शकते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेल्या आवरणांच्या मध्ये साठलेला द्रवही सिस्टसारखाच दिसतो. आणि थोड्या स्त्रियांत ती घातक अर्बुदाची सुरुवात असते. भारतीय स्त्रियांतील कर्करोगांत बीजांडकोशाच्या कर्करोगाचा क्रमांक स्तन व गर्भाशयमुख यांच्या पाठोपाठ लागतो, आणि तो बहुधा उशिराच्या अवस्थेत सापडतो.

‘सिंपल’ या शब्दाचा अर्थ

अहवालातील ‘सिंपल’ हा शब्द सहज म्हणून लिहिलेला नसतो. एकच कप्पा, पातळ व गुळगुळीत भिंत, आत स्वच्छ द्रव, मध्ये पडदा नाही, घन भाग नाही, भिंतीवर आत डोकावणारा अंकुर नाही, अशा ग्रंथीलाच हे विशेषण लागते. तपासणी योनिमार्गे केलेली असेल तर हा निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरतो. केवळ पोटावरून केलेल्या तपासणीत बारीक पडदे सुटू शकतात.

अशा साध्या ग्रंथीविषयी आता भक्कम माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाने पन्नास व त्यापुढील वयाच्या १५,१०६ स्त्रियांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. २,७६३ स्त्रियांत, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांत, दहा सेंटिमीटरपेक्षा लहान एककप्पी ग्रंथी सापडल्या. त्यांतील ६९ टक्क्यांहून अधिक ग्रंथी आपोआप नाहीशा झाल्या. केवळ एककप्पी ग्रंथी असलेल्या एकाही स्त्रीस, ग्रंथीत अन्य बदल झाल्याशिवाय, बीजांडकोशाचा कर्करोग झाल्याचे आढळले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासातही साध्या ग्रंथीमुळे कर्करोगाचा धोका वाढत नसल्याचेच दिसले.

यास अनुसरून ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०१६ मध्ये दिलेले मार्गदर्शन व्यवहारास सोयीचे आहे. ग्रंथी एका बाजूस, एककप्पी, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, लक्षणरहित, आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी प्राकृत असेल तर शस्त्रक्रिया करू नये. चार ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. वर्षभर ग्रंथी तेवढीच राहिली किंवा लहान झाली तर पाठपुरावाही थांबवावा. घाबरलेल्या कुटुंबास हे शांतपणे, आकड्यांसह सांगणे हीच येथे मोठी चिकित्सा आहे.

गुणाकाराचे गणित

ग्रंथी साधी नसेल तेव्हा काय करावे? लंडनमधील संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेला धोक्याचा निर्देशांक आजही उपयोगी पडतो आणि तो वैद्यासही कागदावर काढता येतो. सोनोग्राफीतील पाच बाबी पाहावयाच्या : अनेक कप्पे, घन भाग, दोन्ही बाजूंस ग्रंथी, जलोदर, अन्यत्र पसरल्याच्या खुणा. एकही नसल्यास शून्य, एक असल्यास १, दोन वा अधिक असल्यास ३ गुण. रजोनिवृत्तीसाठी ३ गुण. या दोन अंकांस सीए-१२५ च्या आकड्याने गुणावयाचे. उदाहरणार्थ, अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीत दोन्ही बाजूंस अनेक कप्प्यांच्या ग्रंथी आहेत व सीए-१२५ चा आकडा ४० आहे. तीन गुणिले तीन गुणिले चाळीस, म्हणजे ३६०. दोनशेच्या वर निर्देशांक गेला की रुग्णेस कर्करोग-शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्राकडे पाठवावे. येथे ४० हा आकडा प्राकृत मर्यादेच्या, म्हणजे ३५ च्या, जेमतेम वर आहे; ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणून तो सोडून दिला असता तर काय झाले असते याचा विचार करावा.

केवळ सीए-१२५ वर मात्र विसंबू नये. उदरावरणाचा क्षय, यकृताचा सिऱ्होसिस, हृदयविकारामुळे झालेली जलसंचिती यांतही हा आकडा वाढतो. आपल्या देशात क्षयाची शक्यता तर नेहमीच ध्यानात ठेवावी लागते. उलट कर्करोगाच्या पहिल्या अवस्थेत सुमारे निम्म्या स्त्रियांत तो प्राकृतच असतो. तसेच, कोणतीही तक्रार नसलेल्या सर्व स्त्रियांची दरवर्षी ही तपासणी करण्याने लाभ होत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे २०२१ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष हेच सांगतात : अशा सरसकट चाळणीने या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत. शिबिरांतून ‘पॅकेज’ म्हणून सीए-१२५ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अग्निमांद्याच्या आड

आता खऱ्या चिंतेच्या विषयाकडे वळू. बीजांडकोशाच्या कर्करोगाची आरंभीची लक्षणे कोणती? पोट सतत फुगलेले वाटणे, चार घासांत पोट भरणे, ओटीपोटात वा पोटात दुखणे, वारंवार व घाईने लघवीस जावे लागणे. ही यादी वाचताच वैद्याच्या मनात आध्मान, आनाह, अग्निमांद्य, अपानवैगुण्य हे शब्द उभे राहतात. हाच प्रश्न आहे! ही स्त्री प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नाही. ती आपल्याकडे येते. हिंग्वाष्टक चूर्ण, शंखवटी, अभयारिष्ट यांनी चार दिवस बरे वाटते, पुन्हा फुगते, पुन्हा औषध. असे सहा-आठ महिने सहज जातात.

ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात एक साधी कसोटी दिली आहे. पन्नाशीच्या पुढील स्त्रीस ही लक्षणे नव्याने सुरू झाली असतील व महिन्यात बारापेक्षा अधिक वेळा होत असतील तर तपासणी करावी. तसेच, पन्नाशीनंतर प्रथमच ‘आतड्याचा चिवट विकार’ सुरू झाला असे वाटले तरी बीजांडकोशाचा विचार करावा, कारण तो विकार या वयात नव्याने क्वचितच सुरू होतो. नाडी, जिह्वा, मल यांच्या परीक्षेबरोबर उदरस्पर्शन हवेच. पार्श्वभागी मंदता आढळली तर ‘वातोदर’ म्हणून थांबू नये. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाला असेल तर गर्भाशयाच्या अंतःस्तराची तपासणी अनिवार्य आहे. बीजांडकोशाची काही अर्बुदे इस्ट्रोजेन स्रवतात व तो स्राव घडवून आणतात. आई, बहीण, मावशी यांपैकी कोणास स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग होता काय, हा प्रश्न विचारण्यास एक मिनिट लागते.

रक्तगुल्माचा दाखला कोठपर्यंत?

ओटीपोटातील ग्रंथी दिसली की आपण रक्तगुल्माकडे वळतो. चरकसंहितेत रक्तगुल्माची चिकित्सा दहा महिने उलटल्यावर करावी असे सांगितले आहे, आणि रक्तगुल्म जुना होणे हे सुखसाध्यतेचे लक्षण होय अशीही परंपरेची धारणा आहे. या वचनांचा आधार घेऊन रजोनिवृत्त स्त्रीस थांबवून ठेवणे हा शास्त्राचा विपर्यास आहे. दहा महिन्यांची मर्यादा का सांगितली? रक्तगुल्म गर्भिणीसारखीच लक्षणे दाखवितो. गर्भाचे स्पंदन अवयवांनी होते, गुल्माचे पिंडरूपाने, हा भेद आचार्यांनी नोंदविला. तरीही चुकून गर्भावर तीक्ष्ण उपचार होऊ नयेत म्हणून प्रसवकाल उलटू द्यावा, हा त्यातील सरळ हेतू दिसतो. साठ वर्षांच्या स्त्रीत गर्भाची शंकाच नाही. कारण गेले, तेथे प्रतीक्षाही गेली. शिवाय रक्तगुल्माची सारी संप्राप्ती ऋतुकालातील अपचारावर व अवरुद्ध आर्तवावर उभी आहे. जेथे आर्तवच क्षीण झाले आहे तेथे ती कशी घडावी?

ग्रंथी व अर्बुद हा भेद येथे अधिक जवळचा वाटतो. सुश्रुताने अर्बुदाचे सहा प्रकार सांगून रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य म्हटले आहेत, आणि एका अर्बुदावर दुसरे उद्भवण्याचीही दखल घेतली आहे. साध्यासाध्यत्व आधी ठरविणे ही आपलीच शिस्त आहे. सोनोग्राफी व निर्देशांक ही त्या शिस्तीची आजची साधने होत.

औषध आणि श्रेय

कांचनार गुग्गुळ, वरुणादि कषाय, कुमारी आसव यांचा वापर या रुग्णांत सर्रास होतो. ही औषधे दीपन, लेखन या गुणांनी उपयुक्त आहेत, त्यांविषयी वाद नाही. पण वर दिलेला ६९ टक्क्यांचा आकडा पुन्हा आठवावा. औषध न घेताही जी ग्रंथी बहुधा जाणार होती ती औषध घेताना गेली, तर श्रेय कोणास द्यावे? दोन्ही सोनोग्राफी-अहवाल शेजारी छापून ‘शस्त्रक्रियेविना गाठ नाहीशी’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे याचे उत्तर नसते. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग, अर्बुदे आणि स्त्रीरोग या तिन्हींचा समावेश आहे, हेही सांगून ठेवलेले बरे.

लक्षणरहित साध्या ग्रंथीस औषध द्यावयाचेच असेल तर अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती, अस्थिबल यांच्यासाठी द्यावे, आणि पुनर्तपासणीची तारीख व्यवस्थापत्रावर लिहूनच द्यावे. ग्रंथी मोठी असताना उदरावर जोराचे मर्दन करू नये. अचानक तीव्र शूल व छर्दी झाल्यास बीजांडकोशास पीळ पडल्याची शंका घेऊन रुग्णेस त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. ‘सुईने पाणी काढून टाका’ असा आग्रह नातेवाईक कधी कधी धरतात. काढलेल्या द्रवाच्या तपासणीत कर्करोग अनेकदा सापडत नाही, घातक पेशी उदरात सांडण्याचा धोका असतो आणि ग्रंथी पुन्हा भरते. शस्त्रक्रिया ठरल्यास या वयात सहसा दोन्ही बीजांडकोश बीजवाहिन्यांसह काढतात. रुग्णेस हे आधीच समजलेले असावे. केमोथेरपी चालू असताना रसौषधी वा यकृतावर भार टाकणारे कोणतेही औषध कर्करोगतज्ज्ञास कळविल्याशिवाय सुरू करू नये. बल, रुची व निद्रा यांसाठी आहारकल्पनेत करण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या त्रैमासिकांतून या विषयावरील रुग्णानुभव वरचेवर प्रसिद्ध होतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. असा लेख पाठविताना निदान पुढील माहिती द्यावी : रुग्णेचे वय व रजोनिवृत्तीचे वर्ष, ग्रंथीची तिन्ही मापे, कप्पे व घन भागाची नोंद, तपासणी पोटावरून की योनिमार्गे, चिकित्सेपूर्वीचा सीए-१२५ चा आकडा, आणि ग्रंथी नाहीशी झाल्यावर पुढील एक वर्षाचा पाठपुरावा. ज्या रुग्णांत ग्रंथी गेली नाही त्यांचीही संख्या त्याच लेखात यावी.