खाडीचा पफर मासा : एका टाकीत किती?

कापडाच्या दुकानात फिश टँक कशाला, असे आमच्या शेजारच्या व्यापाऱ्यांनी आम्हाला हसत विचारले होते. कारण सरळ होते. बायका ड्रेसचे कापड पाहत असतात, बरोबरची मुले कंटाळून रडू लागतात आणि गिऱ्हाईक अर्धी खरेदी टाकून उठते. म्हणून २०२१ साली आम्ही गल्ल्याशेजारी दोन फुटी टाकी बसवली व मासे आणायला मुंबई गाठली. तिथल्या एका दुकानदाराने हिरवट पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असलेले, पांढऱ्या पोटाचे गोल मासे दाखविले. एकेक मासा जेमतेम दीड इंचाचा. तो म्हणाला, "चार घ्या शेठ, जोडीने छान दिसतात." आम्ही तीन घेतले, भाव पाडून घेतला म्हणून खूश झालो आणि परतलो.

सात महिन्यांत तिघांतला एकच उरला.

पहिला मासा फिल्टरच्या नळीमागे दडून राहायचा आणि त्याचे शेपूट दिवसेंदिवस तोकडे होत गेले. आम्हाला वाटले रोग आहे, म्हणून औषध आणून टाकले. रोग कसला, उरलेले दोघे त्याला कुरतडत होते. दुसरा एका सकाळी तळाशी पडलेला सापडला. चौकशी केली तेव्हा नोकराने सांगितले की, पाणी आटले की तो मीठ कालवलेले पाणी वरून ओतत असे, कारण विकणाऱ्याने "मीठ टाका" एवढेच सांगितले होते. कोणते, किती, केव्हा, काही नाही. आम्ही तरी कुठे विचारले? इतकी वर्षे कापड विकतो, धुतल्यावर किती आटेल हे विचारल्याशिवाय थान उचलत नाही. मासा किती वाढेल, हे मात्र विचारले नाही.

व्यापार पानावर माशांची गोष्ट कशाला, असे वाचक बंधू म्हणतील. पण यंत्रमाग सोडून फिश टँकच्या दुकानाकडे वळलेली तरुण मुले आम्हाला ठाऊक आहेत. आमचा सख्खा भाचा त्यांतलाच. काच कापणारे, स्टँड घडविणारे वेल्डर, फर्निचरवाले अशा कारागिरांनाही या धंद्यात काम मिळते. त्यांच्याकडून टाकी नेणारा हटकून विचारतो, यात किती मासे राहतील? खाडीच्या पफरबाबत याचे उत्तर नेहमीपेक्षा वेगळे आहे आणि ते न सांगितल्यास माल मरतो व गिऱ्हाईक तुटते.

हा मासा आपल्या कोकणपट्टीवरच्या केंड माशाच्या जातकुळीतला. पोटात पाणी भरून फुगतो, म्हणून इंग्रजीत पफर. आम्ही आणला तो ग्रीन स्पॉटेड पफर. श्रीलंका, थायलंड, इंडोनेशिया अशा मुलुखांतील खाड्या व नद्यांची मुखे हे त्याचे घर. शास्त्रज्ञांनी याच माशाचा जीनोम वाचून २००४ साली प्रसिद्ध केला, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याचा आनुवंशिक मजकूर फारच आटोपशीर आहे. दुकानात तो दीड इंचाचा दिसतो, पण पूर्ण वाढ सहा इंचांपर्यंत होते आणि निगा राखली तर दहा वर्षेही जगतो. त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा फिगर एट पफर, पाठीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी खूण असलेला, तीन इंचांवर थांबतो. याखेरीज केरळ-कर्नाटकच्या नद्यांत सापडणारा इंचभराचा मलबार पफर येतो. तो गोड्या पाण्याचा, त्याला मीठ लागत नाही. दुकानात तिघांनाही नुसते "पफर" म्हणून विकतात, म्हणून आधी जात विचारावी.

आता हिशोब. जाणकार शौकीन ग्रीन स्पॉटेड पफरसाठी एका माशाला किमान ११५ लिटर पाणी धरतात आणि पुढच्या प्रत्येक माशामागे आणखी ७५ ते १०० लिटर. फिगर एटला पहिल्यासाठी ६० लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० च्या आसपास. टाकीचे माप आपल्याकडे फुटात चालते, आणि एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. तेव्हा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावते. वाळू, दगड व वरची रिकामी जागा वजा केली की पन्नासही उरत नाही. आमचे तीन मासे अशा टाकीत होते! तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच टाकी भरून १३० लिटरच्या वर जाते, तिच्यात मोठा ग्रीन स्पॉटेड एकच. चार फूट लांब, दीड फूट रुंद-उंच टाकीत अडीचशे लिटर येते, तिथे दोन ठेवता येतील, तेही दगड आणि कपारी रचून एकाची नजर दुसऱ्यावर पडणार नाही अशी आडोशाची सोय केली तर. मात्र भरलेल्या चार फुटी टाकीचे वजन तीन क्विंटलच्या घरात जाते. वेल्डर बंधूंनी स्टँडचा अँगल त्या हिशोबाने निवडावा.

पाण्याचा हिशोब जमला तरी स्वभावाचा जमेलच असे नाही. हा मासा हद्द राखतो. दीड इंचाचे असताना चौघे गोडीने फिरतात, विकणारा तेच दाखवतो. मोठे झाले की टाकी ज्याची त्याची होते. पुरेशा पाण्यातही दोघांचे पटले नाही तर दुसरी टाकी तयार हवी. इतर जातीचे मासे बरोबर सोडले तर त्यांची शेपटे जातात. म्हणून आमचे मत विचाराल तर ग्रीन स्पॉटेड एकच ठेवावा. दोन पाहिजेतच असा हट्ट असेल तर फिगर एट घ्यावेत आणि टाकी तीन फुटी करावी.

दुसरे कारण घाणीचे. पफर मांसाहारी आहे, अर्धे खातो, अर्धे सांडतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि अंगावर नेहमीचे खवले नसलेल्या या माशाला तो फार बाधतो. फिल्टरमध्ये अमोनिया पचविणारे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा आणूच नये. पुढे दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

मिठाबद्दल आम्ही पैसे मोजून शिकलो ते सांगतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, समुद्री माशांसाठी पाकिटात मिळते तेच घ्यावे. लहान ग्रीन स्पॉटेड आणि फिगर एट यांना लिटरमागे आठ-नऊ ग्रॅम पुरते. हायड्रोमीटरवर काटा १.००५ च्या आसपास दिसतो. ग्रीन स्पॉटेड मोठा होईल तसा खारेपणा वाढवीत १.०१५ च्या पुढे न्यावा, पण महिनोन्महिने, हळूहळू, नाहीतर फिल्टरमधले जीवाणू मरतात. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने करावी, आणि घाण पाणी काढून बदलतो तेव्हाच मिठाचे पाणी घालावे. आमचा नोकर नेमके उलटे करीत होता, दर चार दिवसांनी टाकी अधिक खारट होत होती.

खाण्याला कवच पाहिजे, कारण याचे दात उंदरासारखे वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर तोंड उघडत नाही आणि मासा उपाशी मरतो. गोगलगाई, सालासकट कोलंबी, छोट्या तिसऱ्या, खेकड्याचे पाय असे द्यावे. जाळीने बाहेर काढू नये, हवा गिळून फुगला तर ती बाहेर पडताना त्रास होतो. पाण्याखालीच भांड्यात घ्यावा. याच्या अंगात विष असू शकते, तेव्हा खाण्याचा विचारही नको.

हे सगळे आम्ही भाच्याला सांगितले तेव्हा तो वैतागला. "मामू, गिऱ्हाइकाला एकच मासा विका म्हणता, दुकानाचे भाडे कुठून काढू?" आम्ही त्याला वही काढायला लावली. माशावर सुटते ते किरकोळ. खरा नफा टाकी, स्टँड, फिल्टर, हायड्रोमीटर आणि दर महिन्याच्या मिठात. गोगलगाई तर त्याने स्वतः मागच्या पडवीत दोन टबांत वाढवल्या, आता डझनावर विकतो. पफरच्या टाकीवर त्याने पुठ्ठा लावला आहे : पूर्ण वाढ सहा इंच, खारे पाणी, तीन फुटी टाकीत एकच.

पुठ्ठा लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ चार मासे मागायला आले. भाच्याने पुठ्ठा दाखविला. ते म्हणाले, "आम्हाला शिकवू नका," आणि पलीकडच्या दुकानातून चार घेऊन गेले. भाचा त्या दिवशी आमच्याशी बोलला नाही. ते गृहस्थ पुन्हा आले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

आमचा उरलेला मासा आता पाच इंचांवर गेला आहे. त्याच्यासाठी गल्ल्याशेजारची टाकी काढून तीन फुटी बसविली, त्यात साड्यांचा एक रॅक गेला. सकाळी शटर वर गेले की तो काचेपाशी येऊन उभा राहतो आणि आम्ही गल्ला उघडण्याआधी त्याला गोगलगाय देतो. मुले हल्ली रडत नाहीत, उलट आई निघाली तरी हलत नाहीत.