कणीक आणि औषध

वडिलांनी दरबारात वाजवलेल्या पखवाजावरच मी आज मुले शिकवतो. बसण्यापूर्वी डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते. एका लहान शिष्याला सीलिॲक विकार निघाला, तेव्हा मला धास्ती पडली ती या कणकेची. ‘हाताला लागून बाधत नाही, पोटात जाऊ नये, हात धुववा,’ असे डॉक्टर म्हणाले.

गव्हाचा हा दोष डच डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवला. उपाय मात्र अजून पथ्याचाच. आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज ग्लुटेनच्या कणांत बदल घडवते, मग शरीर चवताळून आपलेच आतडे झिजवते. त्याला अडवणारे ‘झेडईडी १२२७’ हे औषध २०२१ च्या चाचणीत, रोज ३ ग्रॅम ग्लुटेन सहा आठवडे खाऊनही, आतड्याची हानी पुष्कळ रोखू शकले. दुसऱ्या ‘लाराझोटाइड’ची चाचणी मात्र २०२२ साली थांबली.

शिष्याला वाटते, गोळी आली की पुरणपोळी! तसे नव्हे. नकळत पोटात जाणाऱ्या कणापासून राखण, एवढीच तूर्त आशा. पण ती थोडी का आहे? बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. परवा पंगतीत त्याच्या आईने डब्यातली ज्वारीची भाकरी वाढली, आणि आमटी घेण्याआधी आचाऱ्याकडून हिंगाची डबी मागवली.